"गाडी सुरू झाली, काम झालं" म्हणणाऱ्यांनो, काम झालेले नाही

जुन्या लहान गाडीत मोठे इंजिन बसवून देणाऱ्यांचा, किंवा आहे त्याच इंजिनाला टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) जोडून देणाऱ्यांचा, मला आता मनस्वी संताप येतो. त्यांच्या हातात कसब नसते असे मी म्हणणार नाही. अवजड इंजिन चेनपुलीवर तोलून इंचभर जागेतून खाली सोडणे आणि माउंटिंगचे ब्रॅकेट नव्याने बनवून वेल्ड करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. संताप येतो तो "गाडी सुरू झाली, काम झालं" या एका वाक्याचा. इंजिनाने पहिल्यांदा आवाज दिला, भोवती जमलेल्यांनी मोबाइलवर त्याचे चित्रण केले, की यांच्या लेखी सगळे संपते. प्रत्यक्षात तेव्हा जेमतेम चार आणे काम झालेले असते आणि उरलेले बारा आणे मालकाच्या गळ्यात मारून ही मंडळी मोकळी होतात.

माझ्याच गाडीचे सांगतो. मूळ इंजिन थकले होते, म्हणून त्याच कंपनीचे मोठ्या क्षमतेचे इंजिन बसवायचे ठरले आणि गॅरेजने ते बसवलेही. दिवसा गाडी व्यवस्थित धावायची. रात्री हेडलाइट लावले की मात्र तापमानाचा काटा जागचा हलायचा, आणि त्याच वेळी रेडिएटरचा पंखा सुरू झाला तर आणखी सरकायचा. दिव्याचे बटण दाबल्याने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, क्षणार्धात तापत नाही, हे कळायला मेकॅनिक असावे लागत नाही, तरी गॅरेजमधून उत्तर मिळाले, "जुन्या गाडीत काटे असेच हलतात, लक्ष देऊ नका." शेवटी मीच बॅटरीखाली हात घातला. इंजिनाच्या अर्थिंगची जाड वायर थेट रंगवलेल्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली होती. रंगातून वीज वाहत नाही. बोल्टच्या आट्यांमधून जो काही निसटता संपर्क मिळत होता, त्यातूनच दिवे, पंखा आणि सेन्सर या सगळ्यांचा परतीचा प्रवाह जात होता आणि भार वाढला की सेन्सरची वाचने बिघडत होती. पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा करायचा आणि मग वायर आवळायची, एवढेच करायचे होते. ते पाच मिनिटांचे काम टाळून वर मलाच लक्ष न देण्याचा सल्ला देण्यात आला.

डॅशबोर्डखाली तर याहून वाईट अवस्था होती. मूळ गाडीचे वायरिंग आणि नव्या इंजिनाचे वायरिंग जिथे जिथे जोडले होते, तिथे तिथे तांब्याचे केस एकमेकांत पिळून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. कुठेही क्रिम्प (दाबून बसवलेला धातूचा जोड) नव्हता, सोल्डर नव्हते, उष्णतेने आकसून वायरीला घट्ट बसणारी नळीही नव्हती. इंजिनाच्या बाजूला टेपचा गोंद उष्णतेने पाघळून हाताला चिकटत होता आणि टेपची टोके सुटून लोंबत होती. हिरवी वायर पुढे पिवळी झालेली, पिवळी पुढे तपकिरी झालेली, आणि कशावरही खूण म्हणून चिकटवलेला कागदाचा कपटासुद्धा नाही. ज्याने हे केले त्याला ती वायर कुठे जाते हे त्या दिवशी नक्की ठाऊक होते. त्याच्यानंतर या गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ते नव्याने शोधावे लागणार, याची त्याला काडीचीही पर्वा नव्हती.

आणि तो थर्मोस्टॅट, इंजिन पुरेसे तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप! मोठ्या इंजिनाला लहान गाडीचाच रेडिएटर ठेवला होता, त्यामुळे घाटासारख्या लांब चढावर इंजिन तापू लागले. यावर योग्य उपाय म्हणजे मोठा रेडिएटर आणि हवा नीट खेचणारा पंखा. गॅरेजने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला आणि मला अभिमानाने सांगितले, की आता गाडी कधीच गरम होणार नाही. बहुतेक पेट्रोल इंजिनांचा थर्मोस्टॅट साधारण 82 ते 90 अंश सेल्सिअसला उघडू लागतो, कारण इंजिनाने त्याच्या आसपासच चालणे अपेक्षित असते. तो काढला की सपाट रस्त्यावर इंजिन थंडच राहते. इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वाटते की गाडी नुकतीच सुरू झाली आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठते त्या तळाच्या भांड्यात, उतरते, ऑइल पातळ होते आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. चढावर इंजिन तापायचे ते तापतेच, कारण रेडिएटर आहे तेवढाच आहे. एका दुखण्यावर उपाय म्हणून हे दुसरे दुखणे पदरात बांधले जाते आणि मायलेज पडल्याची तक्रार केली की "मोठं इंजिन आहे, पेट्रोल खाणारच" असे ऐकवले जाते.

टर्बोवाल्यांची तऱ्हा याहून धोकादायक आहे. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने एक्झॉस्टमधल्या वाया जाणाऱ्या ऊर्जेवर हवा दाबून इंजिनात भरण्याच्या कल्पनेचे पेटंट 1905 साली घेतले, म्हणजे या विषयाला शंभराहून अधिक वर्षे झाली आणि त्यातले धोके सर्वांना माहीत आहेत. हवा दाबली की ती तापते. बाहेर 30 अंश तापमान असताना 0.5 बार बूस्ट (वातावरणाच्या दाबाच्या सुमारे निम्मा जादा दाब) दिला, तर सर्वसाधारण कार्यक्षमतेच्या कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा 80 अंशांच्या वर जाते. स्वतःच्या श्वासावर, म्हणजे टर्बोविना, चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) नऊ-दहास एक असे असते. त्यात ही आधीच दाबलेली, तापलेली हवा भरली की मिश्रण ज्वाला पोचण्याआधी ठिकठिकाणी आपोआप पेट घेते आणि इंजिन नॉक करू लागते. नॉकिंगचे ते धक्के पिस्टनवरच्या दोन रिंगांमधला अरुंद कठडा तोडतात, हेड गॅस्केट उडवतात, आणि बूस्टखाली इंजिनाचा आवाज एवढा असतो की चालकाला बरेचदा त्याचा पत्ताही लागत नाही.

मोटार कंपन्यांनाही हे सहज साधले नव्हते. 1962 साली आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या अमेरिकी टर्बो गाडीचे कॉम्प्रेशन 10.25 होते, आणि नॉकिंग टाळण्यासाठी त्या गाडीला पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून पुरवावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत, तक्रारी वाढल्या आणि पुढे त्यातल्या अनेक गाड्यांचे टर्बो काढून टाकले गेले. स्वीडनच्या साब कंपनीने 99 टर्बो ही गाडी बाजारात आणली तेव्हा कॉम्प्रेशन 7.2 पर्यंत खाली आणले. हाताशी प्रयोगशाळा आणि अभियंत्यांची फौज असलेल्यांनी पिस्टन बदलले, आणि इथे मात्र लाखो किलोमीटर झिजलेल्या इंजिनाची साधी कॉम्प्रेशन टेस्टसुद्धा न करता त्यावर टर्बो चढवला जातो! चार प्लग काढायचे, गेज लावायचा, स्टार्टर फिरवायचा. चारपैकी एक सिलिंडर खूप खाली दिसला तर तिथेच थांबायचे आणि मालकाला स्पष्ट सांगायचे, की हे इंजिन आधी उघडून दुरुस्त केल्याशिवाय बूस्ट सोसणार नाही. हे सांगितले तर गिऱ्हाईक हातचे जाईल, म्हणून गेज लावलाच जात नाही.

पेट्रोलच्या बाबतीत जे चालते त्याला मी सरळ फसवणूक म्हणतो. मूळ गाडीचा मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बहुधा एक बारचा असतो, म्हणजे वातावरणाइतक्या दाबापलीकडे त्याला काही मोजताच येत नाही. बूस्ट आला की इसीयू गोंधळतो, चेतावणीचा दिवा लावतो, कधी संरक्षण म्हणून पेट्रोलच तोडतो. अशा वेळी मोठ्या पल्ल्याचा सेन्सर, पेट्रोल फवारणारे पुरेसे इंजेक्टर, पुरेसा पंप आणि त्यानुसार नव्याने केलेले ट्यूनिंग हाच रस्ता आहे. हे लोक सेन्सरच्या वायरीत एक छोटासा जुगाड बसवतात, ज्यामुळे दाब कितीही वाढला तरी इसीयूला तो वातावरणाइतकाच दिसतो. दिवा विझतो, मालक खूश होतो. हवा दीडपट झालेली असते आणि पेट्रोल मात्र जुन्याच हिशेबाने पडत असते. बूस्टमध्ये मिश्रण हवेच्या बारा भागांना पेट्रोलचा एक भाग, असे काहीसे समृद्ध हवे. ते तिथे पातळ होते, ज्वलनाचे तापमान वाढते आणि पिस्टनचे अॅल्युमिनियम वितळू लागते. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून मिश्रणातले हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा) लावून घेतलेली नोंद दाखवा म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर आठ्या पडतात.

ओळखीतल्या एका गाडीचा टर्बो निळा धूर सोडू लागला, तेव्हा गॅरेजने टर्बो खराब निघाल्याचे सांगून दुसरा घ्यायला लावला आणि दुसराही तसाच धूर सोडू लागला. खाली वाकून पाहिले तेव्हा दिसले, की टर्बोमधून ऑइल परत नेणारी नळी आधी खाली जात होती, मग स्टीअरिंगच्या रॅकला वळसा घालण्यासाठी वर चढत होती आणि मग चेंबरमध्ये ऑइलच्या पातळीच्या खाली घुसत होती. टर्बोतून ऑइल दाबाने बाहेर पडत नाही, ते केवळ उताराने वाहते. नळीत असा चढ आला की ऑइल बेअरिंगच्या घरात तुंबते आणि सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये जाते. दोन्ही टर्बो निर्दोष होते. मालकाने दोनदा पैसे मोजले ते एका वाकड्या नळीसाठी.

ब्रेकविषयी तर कोणी अवाक्षरही काढत नाही. वेग 100 वरून 140 वर गेला की गाडीतली गतिज ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते आणि ती सगळी ब्रेकनेच जिरवायची असते. पुढे लहान डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीत शक्ती वाढवून तीच डिस्क आणि तेच जुने ब्रेक ऑइल ठेवणे हा इतरांच्या जिवाशी खेळ आहे, कारण त्या गाडीपुढे रस्त्यावर जे कोणी असेल त्याने यातले काहीच मान्य केलेले नसते. कागदपत्रांवरचा इंजिन क्रमांक आणि विमा यांचीही तीच गत होते. "ते तुम्ही बघून घ्या" म्हणून विषय संपवला जातो.

जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा नवी घ्या, असे सांगणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. लहान गाडी हलकी असते, रस्ता हातात जाणवू देते, आणि तिला थोडी जास्त ताकद मिळावी ही इच्छा रास्त आहे. सुझुकीने 1987 साली आल्टो वर्क्स या लहान गाडीत 543 सीसीच्या तीन सिलिंडरच्या टर्बो इंजिनातून 64 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) काढून दाखवले. ते शक्य झाले कारण इंधन, कूलिंग, ब्रेक आणि इंजिन यांचा विचार एकत्र केला होता. तेवढीच शिस्त मी मागतो आहे. वेळ जास्त लागत असेल तर आधी सांगा, खर्च दुप्पट होणार असेल तर तो कागदावर मांडा. ज्याला परवडेल तो करील, ज्याला परवडणार नाही तो थांबेल.

माझ्या गाडीचे वायरिंग आता पुन्हा मुळापासून करावे लागते आहे. कोणती वायर कुठून कुठे नेली, एवढाच एक हाताने काढलेला आराखडा मी त्या गॅरेजकडे मागितला, तर उत्तर आले, "तुम्हाला कशाला हवा? काही झालं तर आमच्याकडेच आणा." गाडी माझी आहे, तिच्यासाठी ठरलेली रक्कम मी पूर्ण दिली आहे आणि तो आराखडा हा त्या कामाचाच भाग आहे. तो हातात पडेपर्यंत मी हे काम पूर्ण झाले असे मानणार नाही, आणि मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगणार आहे, की शेवटचा हप्ता देण्याआधी कॉम्प्रेशनचे आकडे, वाइडबँडची नोंद आणि वायरिंगचा आराखडा हे तिन्ही ताब्यात घ्या.