भावा, गाडी अशी चालव की हाडाच्या डॉक्टरनं नावानं हाक मारली पाहिजे

नवीन गाडी घेतलीस, अभिनंदन. चाकाखाली लिंबू चिरडलं, हँडलला हार घातला, पेढे वाटले, म्हणजे सेफ्टीचं काम संपलं. शोरूमवाल्यानं गाडीबरोबर हेल्मेट दिलं असेल (नियमानं द्यावंच लागतं त्याला), ते आरशाला अडकव नाहीतर कोपरात घाल, डोक्यात नको, केस गळतात आणि गावात कोणी ओळखत नाही. शिवाय तू इथंच तर चाललायस. 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण गेले असं सरकारी अहवालात आहे, पण ते सगळे लांब कुठंतरी चालले असणार, कोपऱ्यावर दूध आणायला जाणाऱ्याला डांबर सवलत देतं. अगदीच चौकात मामा दिसले तर घाल, फक्त पट्टा लावू नको, म्हणजे पडल्यावर हेल्मेट एकीकडे आणि तू एकीकडे.

आरसे काढून टाक, लुक जातो. इंडिकेटर वळून झाल्यावर लावायचा आणि पुढच्या गावापर्यंत तसाच चालू ठेवायचा.

मोबाइल मान वाकडी करून खांद्यात दाबायचा, हे येत असेलच. मेसेज पण बघत जा, दोन सेकंदाचं तर काम. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, म्हणजे "जेवलास का" वाचून मान वर करेपर्यंत तू एकामागं एक लावलेल्या तीन एसट्यांएवढा रस्ता डोळे झाकून कापलेला असतोस. टॅलेंट लागतं याला. एसटीवरून आठवलं, एसटीला ओव्हरटेक कायम डाव्या बाजूनं करायचा, ड्रायव्हर उजवीकडं बसतो त्यामुळं तू त्याला दिसत नाहीस, आणि तेवढ्यात स्टॉप आला म्हणून त्यानं गाडी डावीकडं घेतली तर चूक त्याचीच.

पुढच्या ब्रेकला हात लावू नको, उलटा पडशील असं ज्या काकानं गाडी शिकवली त्यानं सांगितलंय ना, मग झालं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, त्यामुळं थांबायचं मेन काम पुढचा ब्रेक करतो, हे असलं कंपनीच्या पुस्तकात असतं, ते कोण वाचतं! तू नुसता मागचा दाब, चाक लॉक होऊन गाडी आडवी सरकत जाईल. टायर गोटा झालेला असेल आणि मृगाचा पहिला पाऊस पडून रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ यांचा चिखल झालेला असेल तर बघायलाच नको. घाटात उताराला मात्र गाडी न्यूट्रल कर, चमचाभर पेट्रोल वाचतं म्हणे, इंजिनचा रेटा गेला म्हणून सगळा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापतात एवढंच.

आता खरा विषय. सांगली-कोल्हापूरकडचा असशील तर दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की रात्रीच गाडी काढ. समोरून येणारा अप्पर मारत येणार, तुला दोन-तीन सेकंद काही दिसणार नाही, अशा वेळी स्पीड कमी करणारे भित्रे असतात, तू ऐंशीवरच राहा. पुढं अंधारात डबल ट्रॉली असते, बाहेर लोंबणाऱ्या उसानं रिफ्लेक्टर झाकलेला (म्हणजे असलाच तर), मागं लाइट नाही, ट्रॅक्टरवर गाणी मात्र अशी की पाच शेतं ऐकू जातील. कधी कधी ती पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असते, मागं चार दगड आणि झाडाची एक फांदी, हाच आपला इंडिकेटर. पंक्चर निघाली की ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात, ते पुढच्या गाडीवाल्यासाठी. ट्रॉलीवाल्याची चूक आहे का, तर आहे की, शंभर टक्के, कारखान्याची पण आहे, आणि तू हे दवाखान्यात प्लास्टर वाळेपर्यंत येईल त्याला सांगू शकतोस.

पोरगं दहावीत असेल तर त्याला पण दे गाडी, क्लासला जायचं असतं बिचाऱ्याला. कायद्यात पालकाला 25,000 दंड आणि तीन वर्षांपर्यंत जेल आहे, पण आपली ओळख आहे ना वरपर्यंत.

आणि कुठं धडकलासच तर आधी उठून ओरडायचं. गर्दीचा निकाल ठरलेला असतो, मोठ्या गाडीवाल्याची चूक, भले ती कार सिग्नलला उभी का असेना. खर्चाचं टेन्शन घेऊ नको, शोरूममध्येच पाच वर्षांचं थर्ड पार्टी भरलंय. त्यातून समोरच्याची भरपाई होते, तुझ्या पायातल्या रॉडचे पैसे मिळत नाहीत, हे एजंट सांगेलच तुला नंतर. त्यानं लायसन मागितलं की सांग, दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलंय.