केसाने गळा कापायची सोपी पद्धत

रीलोडिंग (वापरलेली काडतुसं घरी परत भरणं) करताय ना? मग पहिला नियम, लांबी कापणाऱ्या ट्रिमरमधून केस बाहेर आली की तिच्याकडे परत बघायचं नाही. (केस म्हणजे काडतुसाची पितळी नळी हो, डोक्यावरचे आमचे कधीच गेले.) .३०८ विंचेस्टर या रायफल-काडतुसाच्या केसची लांबी २.००५ इंच आली ना, मग झालं. तोंडाला आतून-बाहेरून बर (कापताना उरलेली धारदार कड) राहिलाय? राहू दे, शोभा आहे ती.

मापायचं कॅलिपर खंडेनवमीला पुजायचं, बाकी वर्षभर डब्यात.

कुणी फारच बोललं तर तोंडाचा काठ तिरका घासणारं चॅम्फर टूल ड्रिलला लावा आणि काठ ब्लेडसारखा होईपर्यंत फिरवत बसा, नेक (केसची मान, जिथे बुलेट बसते) चिरली की पितळच खराब होतं म्हणायचं.

ब्रशला ०००० नंबरचं स्टील वूल गुंडाळून नेक आतून गुळगुळीत करणारे रिकामटेकडे असतात.

आणि मुख्य म्हणजे असल्या केसेस दुसऱ्याला "एकदम रेडी आहेत" म्हणून द्या. मला मिळाल्या ना, इथे टेक्सासला आमच्या रेंजवर येणाऱ्या आपल्याच एका मराठी गृहस्थांकडून, शंभर. मी पण येडा, आठ वर्षं भोसरीत लेथवर काढलेला माणूस, बर राहिलेला जॉब दिसला की सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबाप काढायचा, आणि इथे नखसुद्धा न फिरवता बुलेट बसवायला घेतल्या. त्यात बुलेट फ्लॅट बेसच्या, म्हणजे सपाट बुडाच्या; बोट टेल, म्हणजे निमुळत्या बुडाच्या असत्या तर निदान तोंडातून सरळ आत तरी शिरल्या असत्या. बुलेट दाबायच्या प्रेसची लिव्हर जड लागतेय म्हणून बघतो तर बुलेटवरचं तांब्याचं आवरण, जॅकेट, सोलून नेकवर रिंग बसलेली, दोन केसेस तर खांद्यापाशी चुरगळल्या, मग अख्खा रविवार तो हातोडीसारखा पुलर घेऊन ठोक ठोक, एकेक बुलेट उपटा, पावडर वेगळी काढा, बायको विचारतेय भिंत पाडताय का!

त्या गृहस्थाला फोन केला तर म्हणतो, "अरे चालतं रे, सगळे असंच करतात."

नाही चालत! अरे चॅम्फर टूलचे दोन-तीन हलके वेढे आतून, तेवढेच बाहेरून, हाताने, एका केसला दहा सेकंद. नख अडकलं तर अजून एक वेढा. तेवढाही कंटाळा असेल तर फॅक्टरीच्या गोळ्या विकत घे, लोकांना कशाला वाटतोस? उरलेल्या केसेस मी आता स्वतः डीबर करतोय, म्हणजे बर काढतोय, आणि त्या मागायला येऊ नकोस.