चावी हाताशी असते म्हणून गाडी निघते

बरेच दिवस लिहायचं होतं, पण या विषयावर तोंड उघडलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एकीकडे पहाटे उठून सायकलचे फोटो टाकणारे आणि दुसरीकडे "आम्हाला कामं असतात ओ" म्हणणारे. मी दोन्हीकडची नाही. माझ्याकडे चारचाकी आहे, स्कूटर आहे, सायकल आहे, आणि पाय आहेतच, सगळं वापरते. बोलायचंय ते फक्त छोट्या फेऱ्यांबद्दल. औषध आणायचंय, पार्सल टाकायचंय, मुलांना क्लासला सोडायचंय, कुणाला तरी दहा मिनिटं भेटून यायचंय, असलं सगळं एक ते तीन किलोमीटरच्या आतलं. वीस किलोमीटरवरच्या ऑफिसला चालत जा असं कुणी म्हणत नाहीये, तो मुद्दा काढून भांडू नका प्लीज.

तर मला असं वाटतं की या फेऱ्यांना काय घेऊन जायचं हे आपण ठरवतच नाही. चावी दाराजवळच्या खिळ्याला लटकलेली, गाडी बाहेर तयार उभी. सायकल कुठे? जिन्याखाली, पुढच्या चाकात हवा अर्धी, सीटवर कुणाचं तरी खोकं आणि कुलपाची किल्ली कुठल्या ड्रॉवरमध्ये ते देवाला माहीत. मग माणूस जे हाताला लागेल ते घेऊन निघतो, यात विचार बिचार काही नसतो, आणि नंतर कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "वेळ वाचतो."

ठीक आहे, वेळच मोजू. साधा माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो, म्हणजे एक किलोमीटरला बारा मिनिटं. घाम न काढता सायकल मारली तर ताशी पंधरा पडतात, म्हणजे चार मिनिटं. गाडी गल्ल्या, वळणं, सिग्नल धरून ताशी वीसने गेली तर तीन मिनिटं. कागदावर गाडी जिंकली. पण ती आपोआप रस्त्यावर येत नाही ना, ती रिव्हर्स घेऊन काढायची, गेट उघडा, गेट लावा, पट्टा लावा, आणि तिकडे पोचल्यावर जागा शोधत एक चक्कर, मग कुणीतरी निघतंय का बघत ब्लिंकर लावून थांबा, शेवटी मिळते ती जागा पुढच्या चौकात आणि तिथून चालत मागे या. तीनची दहा कधी झाली कळत नाही. सायकलला कुलूप लावायचं एखादं मिनिट धरा, बास. यातलं अजब काय आहे तर आपल्या डोक्यात फक्त ती मधली तीन मिनिटंच "प्रवास" म्हणून जमा होतात, बाकीची सात आपण ट्रॅफिकच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकून मोकळे होतो. आणि हो, तीन किलोमीटर असतील आणि तिकडे पार्किंग समोरच मिळणार असेल तर गाडी जिंकतेच, ते मी नाकारत नाही. स्कूटरचं तर आणखी अवघड आहे, तिला जागा कुठेही मिळते, म्हणून वेळेच्या मुद्द्यावर स्कूटरवाल्यांशी मी वाद घालायच्या फंदात पडत नाही.

आता वाचलेल्या वेळेचं होतं काय? चेझारे मार्केट्टी नावाचे एक इटालियन शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९९४ साली मांडलं होतं की माणूस सरासरीने दिवसाचा साधारण एक तास प्रवासात घालवतो आणि वाहन वेगवान झालं तरी तो तास काही कमी होत नाही, तेवढ्याच वेळात जायचं अंतर वाढतं. हे वाचल्यावर मला आजूबाजूचं बरंच काही दिसायला लागलं. घरात गाडी आली की जवळचं दुकान सुटतं, लांबचं मोठं दुकान लागतं, मुलांचा क्लास चार किलोमीटरवरचा निवडला जातो कारण "गाडी आहे की." आणि मग दोन वर्षांनी तोच माणूस म्हणतो, चालत कसं जाणार, सगळं किती लांब आहे!

गाडीचंही ऐका जरा. पेट्रोल जळलं की धुराबरोबर पाण्याची वाफ तयार होते, आणि थोडीथोडकी नाही, एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ लिटरभर पाणी होतं. सायलेन्सर तापलेला असेल तर ती वाफ बाहेर निघून जाते. थंड असेल तर आतच पाणी होऊन साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. सकाळी गाडी काढल्यावर मागच्या नळीतून टपटप पाणी पडताना पाहिलं असेल, ते हेच. थोडी वाफ आणि न जळलेलं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं, लांब फेरी झाली की ऑइल तापून ते उडून जातं, पण दीड किलोमीटरवर जाऊन गाडी बंद केली तर तिथेच राहतं. त्यात स्टार्टरने बॅटरीतून जेवढं खेचलं तेवढं परत भरायलाही वेळ मिळत नाही. म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये सतत छोट्या फेऱ्या हा "कठीण वापर" धरलेला असतो आणि त्यासाठी ऑइल लवकर बदला असं लिहिलेलं असतं. मॅन्युअल वाचतो कोण पण! आपण समजतो गाडी कमी फिरलीये म्हणजे नव्यासारखी आहे.

धुराचंही तसंच. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण अडीचशे तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही आणि थंड इंजिन तर पेट्रोलही जास्त मागतं. म्हणजे पहिली काही मिनिटं गाडी सगळ्यात जास्त पिते आणि सगळ्यात घाण धूर सोडते, आणि आपली फेरी संपते ती नेमकी तेवढ्यातच. इलेक्ट्रिक गाडीला हा त्रास नाही, मान्य. पण एका माणसाला गोळ्यांचं एक पाकीट आणायला हजार दीड हजार किलो वजन ढकलत न्यायचं आणि ते तिथे कुठेतरी उभं करायचं, हे त्यातही आहेच.

यातून मला पटलेली एक गोष्ट म्हणजे गाडी काढायचीच असेल तर कामं एकत्र करा. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक अशा तीन थंड फेऱ्यांपेक्षा तीन कामांची एकच फेरी इंजिनलाही बरी आणि आपल्यालाही.

सायकलीकडे येऊ. १९७३ साली ऑक्सफर्डच्या एस. एस. विल्सन या इंजिनिअरने एक तुलना छापली होती, ठराविक वजन ठराविक अंतरावर न्यायला कुणाला किती ऊर्जा लागते याची, प्राणी, पक्षी, यंत्रं सगळी घेऊन. त्यात सगळ्यात वर कोण, तर सायकलवर बसलेला माणूस. चालायला लागते त्याच्या साधारण एक पंचमांश ऊर्जेत तो तेवढंच अंतर जातो. हे सायकलवाले फार अभिमानाने सांगतात, पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, की वजन कमी करायला म्हणून दोन किलोमीटर सायकलने जात असाल तर तेवढंच चालून जास्त कॅलरी गेल्या असत्या! म्हणून मी या दोघांना एका पोत्यात भरत नाही. घाई आहे आणि सामान आहे तर सायकल. एकटी आहे, हात मोकळे आहेत आणि अर्धा तास हाताशी आहे तर मी चालत जाते, आणि खरं सांगायचं तर त्यात व्यायामाचा विचार फारसा नसतो, फोनवर राहिलेली बोलणी होतात, रस्त्यात कुणीतरी भेटतं, कुठलं दुकान बंद झालं ते कळतं. गाडीतून यातलं काहीच दिसत नाही.

तब्येतीवरून आठवलं. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिना वरखाली. बस तीच, शहर तेच, पण हृदयविकार कंडक्टरांत बराच कमी. मग शंका अशी निघाली की जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील कशावरून नाही? तर या गृहस्थांनी थेट युनिफॉर्मच्या पँटच्या कंबरेची मापं काढली!! ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच मोठ्या निघाल्या. तरी फरकाचं सगळं खापर पोटावर फोडता आलं नाही, बारीक ड्रायव्हरसुद्धा बारीक कंडक्टरपेक्षा जास्त धोक्यात होतेच. मला यात आवडतं ते हे की त्या कंडक्टरांपैकी कुणीही ट्रॅकसूट घालून "वर्कआउट" करत नव्हतं, ते तिकिटं फाडत होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल सांगते, आणि आधी त्यात सलग दहा मिनिटं तरी हवीत अशी अट होती ती २०२० मध्ये काढून टाकली. म्हणजे कोपऱ्यापर्यंतची पाच मिनिटंही धरली जातात. एक किलोमीटरवरचं काम चालत जाऊन चालत आलं की जवळपास पंचवीस मिनिटं, आठवड्यात सहा वेळा झालं की दीडशे पूर्ण. जिमची फी भरून तिथे गाडीने जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलणार नाही.

आता ज्या कारणाने लोक खरंच सायकल काढत नाहीत त्याबद्दल बोलू, कारण सगळ्यांना आळशी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भीती वाटते. फूटपाथ असतो आणि त्यावर गाड्या लावलेल्या असतात, चालणारा रस्त्यावर उतरतो, सायकलवाला कडेला दाबला जातो आणि मागून हॉर्न. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ताशी ३० च्या मानाने पावणेतीन पटीहून जास्त ऊर्जा असते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेतलंच भौतिकशास्त्र. पॅरिसने २०२१ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा लावली ती यासाठीच. आणि नेदरलँड्सचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात ती मंडळी वेगळीच हो. वेगळी बिगळी काही नाही. १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांच्या वर माणसं गेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, मग १९७३ चं तेलसंकट आलं, आणि तिथून पुढे हळूहळू ते सायकलचे रस्ते झाले. त्याच्या आधी तेही शहरं गाडीच्या मापानेच रुंद करत सुटले होते.

शाळेच्या दारात तर हे रोज बघायला मिळतं. गाड्या फार म्हणून मुलाला चालत पाठवत नाहीत, गाडीने सोडतात, आणि शाळेसमोर गाड्या फार कशामुळे तर सोडायला आलेल्या गाड्यांमुळे. प्रत्येक आईबापाचं वेगवेगळं घेतलं तर बरोबर आहे, एकत्र घेतलं की त्रांगडं. हे एकट्या घराने सुटत नाही, चार घरांनी मिळून आळीपाळीने मुलांना चालत नेलं तर थोडंफार सुटतं, आणि मुलांना ते आवडतंही.

आणि काही वेळा गाडीच. ज्यांचे गुडघे दुखतात त्या म्हाताऱ्या माणसांना न्यायचंय, तापातलं मूल आहे, सिलिंडरएवढं ओझं आहे, रात्री उशिरा अंधाऱ्या रस्त्याने एकटीने यायचंय. मी रात्री गाडीच काढते आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. "पर्यावरणाचं काय" असं त्या वेळी मला विचारणारे बहुतेक पुरुष असतात, हा आपला एक अनुभव.

ज्यांची सायकल पडून आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. टायरच्या कडेला प्रेशरचा आकडा कोरलेला असतो, तेवढी हवा ठेवा, अर्ध्या हवेत सायकल जड जाते आणि आपल्याला वाटतं आपलंच वय झालं. पायाने मारायचा पंप घरातच ठेवा. सीट बहुतेकांची फार खाली असते, पाय टेकावेत म्हणून. सीटवर बसून पॅडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे, नाही झाला तर सीट वर घ्या. नंतर पॅडल मारताना पंजा ठेवला की गुडघ्याला आपोआप जरासा बाक राहतो. "सायकलने गुडघे दुखतात" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं दुखणं एवढ्यावरच थांबेल असं मला वाटतं. गिअर असतील तर हलका टाका आणि पाय भरभर फिरवा, जड गिअरवर जोर काढण्यात काही मर्दुमकी नाही. पाठीला सॅक नको, मागे कॅरिअर बसवून त्यावर पिशवी बांधा, निम्मा घाम पाठीचाच असतो. मडगार्ड, चेन कव्हर आणि दिवे बघून घ्या, रोजच्या कपड्यात जायचं तर हे तीन लागतातच, आणि नेमके हेच दुकानातल्या देखण्या स्पोर्टी सायकलींना नसतात.

वाटेत चढ असेल किंवा दम लागत असेल तर इलेक्ट्रिक सायकल हा काही कमीपणा नाही. युरोपात तिची मोटर अडीचशे वॅटची असते आणि ताशी पंचवीसच्या पुढे मदत करायची थांबते, पॅडल तर मारावंच लागतं. तिला "चिटिंग" म्हणणारे भेटतात. त्यांना फक्त एवढंच विचारा की तुम्ही इथपर्यंत कशाने आलात.