‘एकही खिळा नाही’ म्हणे! जपानी लाकूडकामाच्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘जपानी मंदिरं एकही खिळा न वापरता बांधली, म्हणून १३०० वर्षं भूकंपात टिकली. टोकियोचा स्कायट्री ही त्यांचीच नक्कल. जपान्यांनी सिमेंट-लोखंडाची गुलामी पत्करली नाही.’ एरवी हसून सोडून दिलं असतं. पण कोकणात घर बांधायला काढलेल्या मामेभावाने हा मेसेज थेट सुताराला पाठवला, वर ‘लोखंडी पट्ट्या नकोत’ अशी सूचना. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी खिळे. मेसेजमधली १३०० वर्षं ज्याला लागू पडतात त्या होर्यूजी मंदिरात खिळे आहेत, हाताने घडवलेले, लोखंडी. वासे तुळयांवर पक्के करायचे तर दुसरा मार्गही नव्हता. तिथले पिढीजात सुतार निशिओका त्सुनेकाझू यांनी नारातल्या याकुशिजी मंदिराच्या पुनर्बांधणीसाठी शिराताका युकिनोरी या लोहाराकडून जुन्या धर्तीचे खिळे हजारोंनी घडवून घेतले. त्यांचा विरोध होता तो जुन्या पद्धतीच्या लाकडी बांधणीत पोलादी आधार घुसवण्याला: बोल्टसाठी भोकं पाडली की लाकूड कमजोर होतं आणि पोलाद लाकडाच्या आधी गंजून जातं. मेसेजवाल्याने या वादातलं अर्धं वाक्य उचललेलं दिसतं. तेवढं अर्धं मात्र खरं आहे. मुख्य सांगाडा कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं निमुळतं टोक), खाच आणि पाचर यांवरच उभा असतो. खांबांतून आरपार गेलेल्या आडव्या पट्ट्यांना नुकी म्हणतात. भूकंपात त्या खाचेत दबतात, घासतात आणि धक्का तिथेच जिरतो.

पण हे मंदिराच्या जाडजूड खांबांचं झालं. जपानी घराचा नेहमीचा खांब साडेदहा किंवा बारा सेंटिमीटरचा. त्यात खाच पाडल्यावर लाकूड उरतं किती? भिंत आडवी ढकलली गेली की तिच्या एका टोकाचा खांब वर उचलला जातो आणि आखूड कुसू खालच्या तुळईतून उपसून येतं. १९९५ च्या कोबे भूकंपात ६४३४ माणसं गेली, त्यातली बहुतेक जुनी लाकडी घरं अंगावर पडून. वर मातीच्या थरावर बसवलेली जड कौलं, दक्षिणेला मोठमोठी दारं-खिडक्या म्हणून भिंती एकाच बाजूला, खालची तुळई वाळवीने पोखरलेली. जड छप्पर म्हणजे काय, ते किल्लारीच्या माळवदांनी आपल्यालाही १९९३ मध्ये दाखवलं होतं.

म्हणून जपानने १९८१ मध्ये भिंतींचं किमान प्रमाण वाढवलं. २००० मध्ये कोणत्या जोडाला कोणती धातूची पट्टी, हे ठरवून दिलं आणि भिंती चारी बाजूंना समतोल हव्यात, असं बंधन घातलं. जोर जास्त येतो त्या कोपऱ्यांत खांबाला होल्ड-डाउन नावाची जाड पट्टी लावतात. तिचा बोल्ट थेट पायाच्या काँक्रीटमध्ये जातो. म्हणजे मेसेजमध्ये जे ‘नाही’ म्हटलंय, नेमकं तेच कायद्याने सक्तीचं आहे! फरक पाहायचा तर २०१६ चा कुमामोतो भूकंप घ्या. माशिकी गावाच्या मध्यभागातल्या लाकडी घरांची मोजणी झाली. १९८१ पूर्वीची २८.२ टक्के घरं कोसळली, १९८१ ते २००० मधली ८.७ टक्के आणि त्यानंतरची फक्त २.२ टक्के. लाकूड तिन्हींत होतं. बाकी वाद कशाला?

खांब दगडावर नुसते टेकवलेली जुनी बांधणी आजही करता येते, पण तिला नेहमीचे सोपे नियम लागू होत नाहीत. वेगळी, किचकट आकडेमोड करून द्यावी लागते. ‘आजोबांनी असंच बांधलं होतं’ एवढ्यावर परवानगी मिळत नाही.

स्कायट्री. ६३४ मीटरच्या या पोलादी मनोऱ्यात ३७५ मीटर उंच, आठ मीटर व्यासाचं काँक्रीटचं नळकांडं आहे, आत जिना. खालचे १२५ मीटर पोलादाला घट्ट जोडलेले, वरचा भाग ऑइल डॅम्परनी, म्हणजे तेलाच्या जोरावर धक्का जिरवणाऱ्या दट्ट्यांनी. मनोरा एका लयीत हलतो, नळकांडं दुसऱ्या, आणि हेलकावा कमी होतो. नाव पॅगोडातल्या, म्हणजे मंदिराच्या अनेकमजली लाकडी मनोऱ्यातल्या, मधल्या खांबाचं, शिनबाशिरा, हे कबूल. पण तो खांब मजले पेलत नाही, कळस पेलतो. होर्यूजीत तो मुळात जमिनीत पुरलेला होता, निक्कोच्या पॅगोडात साखळ्यांनी टांगलेला आहे. टांगण्यामागचं कारण बहुतेक गळतीचं: आडवी लाकडं आकसून मजले खाली बसतात, उभा खांब आकसत नाही, मग कळसापाशी फट पडते आणि पाणी आत येतं. पॅगोडे भूकंपात टिकले त्यात सुटे रचलेले मजले आणि छपराला आधार देणाऱ्या लाकडी कंसांच्या उतरंडीचा वाटा मोठा. मधल्या खांबाचा नेमका किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

राहिली ‘गुलामी’. वास्तुरचनाकार तांगे केन्झो यांच्या १९५८ च्या कागावा प्रशासकीय इमारतीत सज्जाखाली तुळयांची टोकं रांगेने बाहेर डोकावतात, थेट लाकडी घरासारखी. ती काँक्रीटची आहेत. दर २० वर्षांनी नव्याने उभं राहणाऱ्या इसे मंदिराचा दाखला देतच वास्तुरचनाकार कुरोकावा किशो यांच्या पिढीने बदलत्या भागांची वास्तू मांडली. त्यांच्या १९७२ च्या नाकागिन टॉवरमध्ये १४० कॅप्सूल, म्हणजे सुट्या खोल्या होत्या, प्रत्येकी चार बोल्टनी अडकवलेल्या, २५ वर्षांनी बदलायच्या. एक काढायची तर वरच्या सगळ्या आधी उतरवाव्या लागत. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत उतरवली.

मामेभावाच्या सुताराने पट्ट्या आणून ठेवल्या आहेत. त्या लागणार आहेत.