टी-शर्ट छापणारा शोधताना भाव सगळ्यात शेवटी विचारा

ज्या कंपनीनं आमचे टी-शर्ट छापताना घोळ घातला, तिचाच आज दुपारी पुन्हा फोन आला. "मॅडम, यात्रांचा सीझन येतोय, पॉडकास्टवाल्यांसाठी खास स्कीम काढलीय. शंभर टी-शर्टवर पंचवीस कॉफी मग फ्री." त्या मुलाचा काही दोष नाही, त्याला हातात कागद देऊन बसवलेलं असतं. पण मला जे बोलायचं होतं ते मी बोललेच. संताप अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय. लांबण लागेल.

नव्यांसाठी एवढंच सांगते, की आम्ही दोघी मैत्रिणी महाराष्ट्रातल्या यात्रा-जत्रांवर पॉडकास्ट करतो. प्रत्येक भाग "जत्रेत भेटू" म्हणून संपतो. श्रोतेच मागे लागले की हे टी-शर्टवर छापा. छापले. काळ्या टी-शर्टवर भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगात एवढे दोनच शब्द.

उदगीरच्या एका शिक्षिकेनं वडिलांसाठी एक मागवला. वडील एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. आषाढीच्या पंढरपूरच्या जादा गाड्यांवर वर्षानुवर्षं ड्युटी केलेली. माळेगावच्या यात्रेला ते तो टी-शर्ट घालून गेले आणि खंडोबाच्या देवळापुढचा फोटो लेकीनं आम्हाला पाठवला. पांढरे केस, कपाळभर भंडारा आणि छातीवर आमचे शब्द. आम्ही दोघी तो फोटो बघून रडलो होतो. काही दिवसांनी दुसरा फोटो आला. दोरीवर वाळत घातलेला तोच टी-शर्ट. 'जत्रेत'मधल्या त्र ला आडव्या-उभ्या भेगा, 'भेटू'मधला टू अर्धा सोलून निघालेला. खाली मेसेज होता: "ताई, धुताना आमचंच काही चुकलं असेल का? गरम पाणी वापरलं नव्हतं."

त्या बाईंनी पैसे परत मागितले नाहीत. तक्रारसुद्धा केली नाही. आमचंच काही चुकलं का, एवढंच विचारलं.

आता काय झालं होतं ते ऐका. सँपल आला तो स्क्रीन प्रिंटिंगचा होता, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून शाई थेट कापडावर ओढलेला. हात फिरवला तर शाई कापडात मुरलेली कळत होती. आम्ही तो धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन बघितला आणि मगच हो म्हटलं. लॉट गेला तो मात्र ट्रान्सफरचा. म्हणजे फिल्मवर छापायचं आणि गरम प्रेसनं कापडावर चिकटवायचं. कंपनीनं आम्हाला न विचारता पद्धत बदलली आणि माल स्वतःच्या गोडाऊनमधून थेट श्रोत्यांच्या घरी धाडला. जाब विचारला तर उत्तर काय, "कस्टमरला वॉश केअर लेबल वाचायला सांगा." उदगीरच्या त्या काकांना लेबल वाचायला सांगू?

ट्रान्सफर मुळातच वाईट असं नाही, हे कबूल करते. डीटीएफ हा ट्रान्सफरचाच प्रकार, चांगलं केलेलं असेल तर टिकतं. दहा-वीसच नग हवे असतील किंवा डिझाइनमध्ये सतरा रंग असतील तर स्क्रीन परवडतही नाही, कारण प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम करावी लागते. पण मग सँपलही त्याचाच द्या ना!

चिडचिड व्हायचं दुसरं कारण म्हणजे आमचा पॉडकास्टवाल्यांचा ग्रुप. सकाळीच तिथे एकानं विचारलं, मर्चंडाइज कुठून करावं? तासाभरात भावांची रांग लागली. इथे एकशे ऐंशीला मिळतो, तिथे दीडशेला. कापड किती जीएसएमचं (म्हणजे किती वजनाचं), बायोवॉश आहे का (म्हणजे एन्झाइमनं धुऊन लव काढलेलं), प्रिंट कोणत्या पद्धतीची, माल आधी आपल्या हातात येतो का, एकानंही विचारलं नाही. अरे, आपले श्रोते टी-शर्ट नाहीत म्हणून आपल्याकडून घेतात का? तुळशीबागेत, दादरला, कुठल्याही आठवडी बाजारात याच्या निम्म्या पैशांत मिळतो. तो माणूस आपल्यावरच्या मायेपोटी पैसे देतो. त्याला दीडशेतलं फडकं पाठवायचं?

त्या लॉटनंतर मी पुण्यात बऱ्याच जणांचे उंबरे झिजवले. एकानं सांगितलं, सब्लिमेशन करून देतो, कायमचं टिकतं. काळ्या सुती टी-शर्टवर! सब्लिमेशन म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ करून ती धाग्यात मुरवायची. ते पॉलिस्टरवर चालतं आणि तेही पांढऱ्या-फिक्या रंगावर. ज्याला एवढं माहीत नाही किंवा माहीत असून जो बोलतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. दुसरीकडून प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) आलं त्यात 'जत्रेत'चा त्र फुटलेला. अर्ध्या त ला हलंत लटकतोय आणि शेजारी वेगळा रे. मी दाखवलं तर म्हणे, "मॅडम, मोबाईलवर असं दिसतं, छापताना नीट येईल." नाही येत. जे प्रूफमध्ये तेच कापडावर. मराठीत काम करणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं: फाईल कर्व्ह करूनच द्यायची. एकदा कर्व्ह केली की अक्षर हा नुसता आकार उरतो, समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट असो नसो. आणि आपल्या वळणाचा ल, आपल्या वळणाचा श असलेला फॉन्ट घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं केलेला 'मुक्त' (Mukta) तर फुकट मिळतो. आमच्या पुढच्या टी-शर्टवर 'चला जेजुरीला' येणार आहे. त्यातले दोन्ही ल हिंदी वळणाचे आले तर मला चालणार नाहीत. कुणाला हा बारकाईचा अतिरेक वाटेल, वाटू दे.

मग पेठेतल्या एका जुन्या प्रेसमध्ये एक काका भेटले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी पर्समधून भंडाऱ्याची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हा पिवळा हवाय. मोबाईलवरचा नको. त्यांनी चिमूटभर भंडारा काळ्या कापडाच्या तुकड्यावर टाकला आणि बराच वेळ नुसते बघत बसले. मग म्हणाले, "ताई, काळ्यावर पिवळा थेट मारला तर हिरवट दिसेल. खाली पांढरा बेस घ्यावा लागेल. रंग एक असला तरी फ्रेम दोन लागतील. खर्च वाढेल." भाव सांगायच्या आधी खर्च का वाढेल हे सांगणारा तो पहिला माणूस होता.

त्यांनी समोर शाई कालवली, फ्रेमवरून रबराची पट्टी ओढली, टी-शर्ट ओव्हनमधून काढला आणि थंड झाल्यावर दोन्ही अंगठ्यांत धरून प्रिंट ताणली. जोरात. भेग पडली नाही. ही शाई साधारण 160 अंश सेल्सिअसला नीट भाजली गेली पाहिजे, भाकरीसारखी. वरून शिजलेली दिसली आणि आत कच्ची राहिली की पहिल्या-दुसऱ्या धुण्यात फुटते. उदगीरच्या काकांचा फोटो मी त्यांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हे धुण्यानं नाही झालं. घाईनं केलंय." त्याच संध्याकाळी मी हे वाक्य जसंच्या तसं त्या शिक्षिकेला कळवलं.

आता काही जण म्हणतील, आमच्याकडे माल ठेवायला जागा नाही, पॅकिंगला माणूस नाही, प्रिंट ऑन डिमांडच बरं. बरोबर आहे. नवीन, छोटा पॉडकास्ट असेल तर मागणी येईल तसा एकेक नग छापून परस्पर पाठवणारी कंपनी सोयीची पडते, पैसेही अडकत नाहीत. पण मग दर थोड्या दिवसांनी आपणच आपला टी-शर्ट दुसऱ्या नावानं मागवा. धुवा. अंगठ्यांत धरून ताणा. आणि कंपनीचं कुरिअर गावापर्यंत जातं का हेही विचारा. आमचे निम्मे श्रोते अशा पिनकोडवर आहेत जिथे कुरिअरवाले 'सेवा उपलब्ध नाही' दाखवतात. पोस्ट मात्र जातं. आता आम्ही स्पीड पोस्टनंच पाठवणार.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. त्या मुलाला मी फोनवर फार तोडून बोलले. त्याला नंतर मेसेज करून सांगितलं, की राग तुझ्यावर नव्हता. कंपनीवरचा राग मात्र तसाच आहे. ज्यांना ज्यांना तो लॉट गेला, त्यांच्यापैकी किती जणांनी गपचूप टी-शर्ट घडी करून कपाटात खाली घातला असेल? आमचंच काही चुकलं असेल, असं मनाशी म्हणत? उदगीरहून निदान मेसेज तरी आला.

तर, त्या लॉटमधला टी-शर्ट ज्यांच्याकडे आहे त्यांनी इनबॉक्समध्ये पत्ता आणि साइझ पाठवा. प्रिंट अजून चांगली असली तरी पाठवा. बदलून देणार, पोस्टाचा खर्च आमचा. जुना परत पाठवायची गरज नाही. नवा लॉट काकांकडून आधी आमच्या घरी येईल, आम्ही दोघी एकेक नग बघू आणि मगच पाठवू. किंमत 549 रुपये, आधीपेक्षा दीडशेनं जास्त. ज्यांना महाग वाटेल त्यांनी बिलकूल संकोच करू नका, घेऊ नका. एपिसोड सगळ्यांसाठी फुकटच आहेत.