डोंगरावरचा बांध

ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यानं बांधावरून भांडणाऱ्यांना हसू नये. डोंगरावरच्या पायवाटेचा एखादा तुकडा दत्तक घेऊन बघावा. सात-बारा नाही, मोजणी नाही, तरी पहिल्याच पावसात अंगात गावाकडचा चुलता संचारतो.

अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूत हे खूळ आलं अमेरिकेतून, एका सभासदाच्या भाच्यामार्फत. तिकडं ॲपलाचियन ट्रेल नावाची साधारण 3,500 किलोमीटरची पायवाट आहे. ती 1937 साली पुरी झाली आणि आजही तिचे तुकडे वाटून घेऊन स्वयंसेवकच ती राखतात. मुक्कामाचे निवारेसुद्धा तेच डागडुजी करून उभे ठेवतात. त्यातल्या बऱ्याच निवाऱ्यांना भिंती तीनच, समोरची बाजू उघडी, असं भाच्यानं सांगितल्यावर एकजण ताडकन उठला. म्हणाला, "मग आपण पुढंच आहोत की! साताऱ्यात चार भिंती नावाचं ठिकाणच आहे." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांतच वाटेच्या वाटण्या झाल्या. परवानगीचे सोपस्कार उरकले, आणि माझ्या गटाच्या वाट्याला आली दोन वळणं, घाणेरीचं रान आणि पत्र्याची एक शेड.

तोवर माझी समजूत अशी, की पायवाट पायांनी झिजते. तिला खरी खाते ते पाणी. पावसाचा लोंढा वाटेला लागला, की माती घेऊन थेट खाली पळतो आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. म्हणून वाटेवर दगडांची एक ओळ तिरकी बसवायची आणि पाणी कडेला काढून द्यायचं. सरळ आडवी बसवली तर मागं गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारून जातं. दगड निम्म्याहून जास्त जमिनीत गाडायचा. पहार, टिकाव, घमेलं, आणि बुडाखाली चिपा ठोकताना सोललेली बोटं. एवढं करून दगडावर उभं राहिलं की तो डुगडुगतो. मग परत काढायचा.

अवघड गोष्ट पुढंच आहे. कडेला काढलेलं पाणी जाणार कुठं? वाट नागमोडी. वरच्या वळणावरून सोडलेलं पाणी खालच्याच वळणावर येऊन पडतं. आमच्या वरचा तुकडा एका निवृत्त तलाठ्यांकडं. त्यांनी हयातभर लोकांच्या बांधाचे पंचनामे केले. जूनच्या पहिल्या पावसात त्यांच्या चरातलं सगळं पाणी माझ्या दगडांवर आलं.

"काका, हे बरोबर नाही."

"पाणी उताराकडंच जाणार. वहिवाट आहे ती."

"वहिवाट? चर तर तुम्ही मे महिन्यात खणला!"

"मग हरकत त्याच वेळी घ्यायची."

1699 च्या डिसेंबरात औरंगजेबानं या गडाला वेढा घातला आणि एप्रिलात गड त्याच्या हाती लागला. म्हणजे पाच महिनेसुद्धा नाहीत. आमचं प्रकरण गणपती बसले तरी चालूच. मध्ये तर मी टेप घेऊन हद्द मोजायला गेलो. "गावची जमीन भावाला सोडून दिलीत, आणि इथं सरकारी डोंगरासाठी टेप?" असं घरातून विचारलं गेलं. उत्तर द्यायला मी थांबलो नाही, पाऊस भरून आला होता.

शेडबद्दल थोडक्यात सांगतो. भिंत रंगवून घेतली की आठवड्याच्या आत तिच्यावर बदाम उगवतो, बाण आणि आद्याक्षरांसकट. कुरकुऱ्यांच्या पिशव्या वेचून पोतं भरलं, तर "इथं कचऱ्याचं पोतं ठेवलंय कुणी?" म्हणून लोक आम्हालाच झापतात. घाणेरी बुंध्यात कापली, तर चार सरी पडल्यावर दुप्पट जोमानं फुटली. ती मुळासकट उपटावी लागते, तीही फळं धरायच्या आत. वळण चुकवून सरळ चढणाऱ्यांसाठी काट्या टाकून आडवाट बंद केली, तर शेरडांमागनं आलेल्या मावशी उखडल्या. "आवं, ही आमची वाट हाय. तुमची कवापासनं झाली?" तलाठीकाका वरून ओरडले, "बघा, वहिवाट!"

शेवटी तडजोड झाली, दिवाळीच्या तोंडावर, कंदी पेढ्यांच्या पुड्यावर. दोन्ही गटांनी मिळून एकच लांब चर काढायचा आणि पाणी पलीकडच्या खडकाळ ओघळीत सोडायचं. काकांनी दोरी धरली, मी टिकाव मारला. काम इतकं देखणं झालं, की आम्ही एकमेकांचे फोटो काढले.

ती ओघळ खाली जाऊन तिसऱ्या तुकड्यावर उतरते. तो कॉलेजच्या पोरांकडं आहे. यंदाच्या वळवानंतर त्यांच्या म्होरक्याचा फोन आला, आवाज चढलेला. मी त्याला काकांचा नंबर दिला. सांगितलं, हरकत मुदतीत घेतली होती का, एवढं ते विचारतील.