काळी गाडी आणि रोजचं कोरडं फडकं: एक खुलासा

‘काळ्या गाडीवर रोज सकाळी कोरडं फडकं मारलं की रंग नव्यासारखा राहतो,’ असा सल्ला सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. काळ्या रंगाची वाट बहुतेकदा याच सवयीने लागते.

धुळीत गारगोटीचे बारीक, टणक कण असतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कोरड्या फडक्याखाली ते कण त्यावर घासले जातात. उन्हात बॉनेटकडे तिरकं पाहा, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतील. पांढऱ्या गाडीवरही ते पडतात, फक्त डोळ्यांत भरत नाहीत.

आधी पाण्याच्या फवाऱ्याने धूळ उतरवा. मग सावलीत, बॉनेट गार असताना, कार शाम्पू आणि मायक्रोफायबरचा हातमोजा वापरा. बादल्या दोन हव्यात: एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायला. सोसायटीत एकाच बादलीच्या गढूळ पाण्यात ओळीने गाड्या पुसल्या जातात. आपल्या गाडीपुरतं तरी ते थांबवाच. बोअरचं क्षारांचं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, पांढरे डाग धरतात. आणि खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही, कितीही झटकलं तरी.